पुढच्याला लागलेली ठेच

केंद्रातल्या सगळ्याजणी त्याला कुलूपदादा म्हणत. त्यात निम्मं कौतुक होतं नि निम्मी चिडचिड. सारखे पासवर्ड बदलायला लावायचा, स्क्रीन उघडी टाकून कुणी चहाला उठलं की मागे येऊन उभा राहायचा, आणि कुणी पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेला दिसला, तर तो कागद आता गिळूनच टाकणार असा चेहरा करायचा. केंद्र समुपदेशनाचं होतं. मन जड झालेली माणसं तिथे येत, दोन खुर्च्या नि एक खिडकी असलेल्या लहानशा खोल्यांत बसून बोलत. ती गेली की समुपदेशक बाई त्यांचं बोलणं थोडक्यात संगणकात टिपून ठेवत, पुढच्या भेटीला धागा सापडावा म्हणून. ही टिपणं ज्या नेटवर्कमध्ये राहत, ते सांभाळणं हे कुलूपदादाचं काम.

त्याच्या वडिलांनाही त्यानंच तिथे नेलं होतं. जन्मभर बस चालवलेला माणूस. बायको गेल्यावर घरात असे वावरायला लागले, की जणू उतरायचा थांबा मागेच राहून गेलाय. जेवता जेवता उठायचे, खिडकीशी जाऊन उभे राहायचे, विचारलं तर म्हणायचे, "काही नाही."

"तुझ्या ऑफिसात जाऊन बोलू? उद्या सगळ्या गावाला कळेल," ते म्हणाले होते.

"बाबा, तिथे बोललेलं भिंतीबाहेर जात नाही. आणि भिंत माझ्या हातची आहे."

तेवढ्या शब्दावर ते गेले. मग जातच राहिले. हळूहळू जीभ सुटली. एके दिवशी पार्किंगवरून शेजाऱ्याशी कडाडून भांडले, तेव्हा कुलूपदादा नि त्याची बायको स्वयंपाकघरात तोंडावर हात ठेवून हसली. बाबा परत आले होते.

आणि मग ती सकाळ उजाडली. रिसेप्शनवरच्या मुलीनं संगणक चालू केला, तर नेहमीच्या भेटींच्या यादीऐवजी काळ्या पडद्यावर चार ओळी. तुमच्याकडचं सगळं आमच्याकडे आहे. पैसे द्या, नाहीतर जगजाहीर करू. तिला वाटलं, जाहिरात आहे. तिनं कुलूपदादाला हाक मारली. त्यानं ते वाचलं, आणि ते लोक कुठून शिरले असतील हे त्याला त्याच क्षणी कळलं. हाच तो रिसेप्शनचा जुनाट संगणक. त्यातली प्रणाली इतकी जुनी होती की बनवणाऱ्यांनीही तिला वाऱ्यावर सोडलं होतं. तो बदला म्हणून त्यानं केंद्रप्रमुख मॅडमच्या मागे किती वर्षं धोशा लावला होता. "चालतोय ना? मग चालू दे," एवढंच उत्तर मिळायचं. चालत होता खरा. त्यातूनच ते चालत आत आले.

पोलीस आले, मॅडमनी पैसे द्यायला नकार दिला, आणि आपण थट्टा करत नाही हे दाखवायला चोरांनी टिपणांचा पहिला गठ्ठा इंटरनेटवर उघड्यावर टाकला. नावांसकट. कुणाकुणाची टिपणं त्यात आहेत ते शोधायचं, म्हणजे त्यांना फोन करून सांगता येईल, हे काम अर्थातच कुलूपदादाकडे आलं. तो नावांवरून खाली खाली सरकत गेला. शाळेतली एक बाई, कोपऱ्यावरचा औषधवाला, आणि मग बाबा.

हात माऊसवरच राहिला. एक टिचकी, की फाईल उघडली असती. त्यानं हात उचलला, बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारलं, परत येऊन बसला, पुन्हा उठला. शेवटी मॅडमना म्हणाला, "मी जरा घरी जाऊन येतो."

भर दुपारी मुलगा घरी आलेला बघून बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. ते शर्टाला बटण लावत होते.

"बाबा, केंद्रात चोरी झाली."

"काय नेलं?"

"बोलणं."

सुई कापडात शिरली आणि तिथेच थांबली. "कुणाचं?"

त्याची नजर बाबांच्या हातातल्या शर्टावर खिळली. त्यातच बाबांना उत्तर मिळालं. त्यांनी विचारलं, "तू वाचलंस?"

"नाही. तुमची शपथ."

"माझी कशाला घेतोस? मी आधीच बाजारात आलोय." त्यांनी दोरा दातानं तोडला. "ताईला कळेल?"

"तिला कुठून कळणार?"

पण वाईट बातमीला पाय फुटावे लागत नाहीत, ती फोनवरूनच येते. दुसऱ्याच दिवशी ताईचा फोन आला. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. एका शाळेची मुख्याध्यापिका, आवाजात कायम एक घंटा. आई गेल्यापासून दर रविवारी येऊन ती बाबांचं कपाट लावायची, औषधं तपासायची, फ्रीजमधलं शिळं काढून टाकायची. कुणीतरी 'काळजीपोटी' तिला बाबांची टिपणं पाठवली होती.

"ऐक," ती म्हणाली, "तुझ्या केंद्रातल्या बाईनं काय लिहिलंय ते."

"ताई, नको. मला ऐकायचं नाही."

"मी वाचलंय ना? मग तूही ऐक." आणि ती शाळेत परिपत्रक वाचतात तशी वाचायला लागली. "मोठी मुलगी येते तेव्हा तपासणी अधिकारी आल्यासारखं वाटतं, असं सांगतात. ती येणार म्हणून घर आवरतात. ती गेली की पंखा मोठा करून पडून राहतात. ती आपल्यासाठी येत नाही, आईची जागा धरून ठेवायला येते, असं त्यांना वाटतं." इथे आवाजातली घंटा फुटली. "तपासणी अधिकारी! अरे, माझा एकही रविवार माझा नाही रे!"

तिनं फोन ठेवला. त्या रविवारी ती आली नाही, पुढच्याही नाही. बाबांनी मात्र रविवारी सकाळी सवयीनं घर आवरलं.

इकडे केंद्रात चित्र पालटलं. ज्या मॅडमना सुरक्षेचं नाव काढलं की दुसरी मीटिंग आठवायची, त्या आता त्याच्या खोलीत येऊन विचारायच्या, "आणखी काय लागेल?" जुना संगणक संध्याकाळच्या आत भंगारात गेला. रिसेप्शनचं नेटवर्क वेगळं, टिपणांचं वेगळं झालं. टिपणं किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या कुलूपबंद लिपीत साठू लागली, आत शिरायला पासवर्डसोबत फोनवर येणारा आकडाही लागू लागला. वर्षानुवर्षं त्यानं ज्याचे अर्ज केले होते, ते सगळं पुढ्यात येऊन पडलं. बैल गेला आणि झोपा केला.

"आणि झोप्याचं उद्घाटनही आहे म्हणे," बायको म्हणाली.

सगळ्यात वाईट म्हणजे, त्याला मजा येत होती. नवं यंत्र खोक्यातून काढताना हात शिवशिवायचे, एखादी फट बुजली की शीळ वाजवावीशी वाटायची. मग एकदम बाबांचा चेहरा समोर यायचा आणि त्या शिळेची लाज वाटायची. झोप उडाली होती. घराचं दार लावलं का म्हणून तो जिन्यातून परत यायचा, फोन वाजला नसतानाही खिशातून काढून बघायचा. केंद्रावर कुणी अनोळखी माणूस वायफायचा पासवर्ड मागायला लागला, तर तो त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायचा. जीव सारखा टांगणीला.

मॅडमनी मदतीला एक सल्लागार बोलावला होता. पन्नाशीचा, गोलमटोल, दिलखुलास माणूस. परवानगी घेऊन लोकांच्या नेटवर्कमध्ये शिरून दाखवायचं आणि मग भोकं बुजवून द्यायची, हा त्याचा धंदा. कॉलेजात असताना न विचारताही शिरायचो, हे तो स्वतःच हसत हसत सांगायचा. कुलूपदादाचं त्याच्याशी चांगलं जमलं. एका दुपारी सल्लागारानं त्याला गाडीतून घरी सोडलं, आणि कुलूपदादानं आग्रहानं त्याला चहाला वर नेलं.

बाबा खिडकीशी उभे होते. ओळख झाली, कप हातात आले, आणि सल्लागार रंगात आला.

"काका, एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. या चोरांचे आभारच मानायला हवेत. तुमचा मुलगा इतकी वर्षं कंठशोष करत होता, कुणी ऐकलं? एका हल्ल्यानं ऐकायला लावलं. आज जगात जी काही सुरक्षा आहे ना, ती प्रत्येक वेळी कुणीतरी घुसलं म्हणून आलीय. चोर नसते तर आपण अजून दाराला सुतळी बांधून झोपलो असतो."

"खरंय," बाबा म्हणाले.

"आणि फक्त तुमचंच केंद्र नाही. तुमच्यावरचा हल्ला बघून माझ्याकडे आणखी चार दवाखान्यांनी धाव घेतली. म्हणतात ना, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा!"

बाबांनी कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला. "आणि पुढच्याच्या अंगठ्याचं काय?"

"म्हणजे?"

"मागचा शहाणा झाला, चांगलं झालं. पुढचा रक्ताळलेला अंगठा धरून बसलाय, त्याला कुणी विचारलं का, की बाबा रे, तुला या सगळ्यांना शहाणं करायचं होतं का?"

सल्लागार हसायला गेला, पण कुलूपदादाचा चेहरा बघून थांबला. नजर मुलावरून बापावर गेली, पुन्हा मुलावर आली, आणि त्याला उमगलं. त्यानं कप खाली ठेवला. "काका, माफ करा. मला कल्पना नव्हती."

"तुम्ही खोटं नाही बोललात," बाबा म्हणाले. "चहा घ्या. गार होतोय."

जाताना सल्लागार जिन्यात कुलूपदादाला म्हणाला, "मी हे वाक्य हजार ठिकाणी बोललोय रे. पुढचा कधी समोर बसलेला नव्हता."

काम पूर्ण झालं. सल्लागाराच्या माणसांनी सगळ्या बाजूंनी धडका मारून पाहिल्या, कुठूनही आत येता आलं नाही. मॅडमनी पेढे वाटावेत तशा आनंदानं सगळ्यांना ती बातमी सांगितली. कुलूपदादा मात्र नव्या पडद्यासमोर बसून अस्वस्थ होता. काहीतरी चुकत होतं आणि ते सापडत नव्हतं. यंत्रणा धडधाकट होती, पण फारच शांत होती. आत साठणारा मजकूर आटला होता. वाचायची त्याला मुभा नव्हती आणि इच्छाही नव्हती, पण किती लिहिलं जातंय ते आकड्यांत दिसायचं. पूर्वी एका भेटीमागे पान भरायचं, आता ओळ-दोन ओळी. नेटवर्क बिघडलं असेल म्हणून त्यानं आधी सगळ्या तारा तपासल्या. मग बाबांशी बोलायच्या त्या समुपदेशक बाईंना जाऊन विचारलं.

"बिघाड तुमच्याकडे नाही, दादा," त्या म्हणाल्या. "हात धजत नाही. लिहायला बसलं की वाटतं, हे उद्या भिंतीवर लागलं तर? मग आम्ही लिहितो, भेट झाली, बरे आहेत. आणि बोलणाऱ्यांचंही तेच. येतात, बसतात, हवापाण्यावर बोलतात, जातात. निम्मे तर येतच नाहीत."

"आता कुणी आत शिरू शकत नाही, बाई."

"माहीत आहे. त्यांनाही सांगते. मान डोलावतात."

तो आपल्या खोलीत परत आला. एवढा मोठा किल्ला उभा केला होता, आणि आत राखायला 'भेट झाली, बरे आहेत.'

पुढच्याच आठवड्यात चोरांपैकी एकजण पकडला गेला. वर्तमानपत्रात फोटो आला, कुणाच्याही शेजारी राहत असेल असा साधा चेहरा. त्यानं कोर्टात सांगितलं होतं, आम्ही त्यांच्या चुका दाखवून दिल्या, आमच्यामुळेच आज ते सुरक्षित आहेत. बाबांनी ती बातमी वाचली. पेपराची घडी घातली, उलगडली, पुन्हा वाचली.

"चोराच्या उलट्या बोंबा!" ते एकदम ओरडले. कुलूपदादा दचकला. एवढा आवाज त्यानं त्या पार्किंगच्या भांडणानंतर ऐकला नव्हता. "चूक दाखवायची होती तर एक पत्र टाकायचं! मी तीस वर्षं बस चालवली. समोरच्या गाडीचा दिवा बंद असला तर हात बाहेर काढून खूण करायचो. तिला धडक देऊन नाही सांगितलं, की बघ बाई, तुझा दिवा बंद आहे!" ते येरझाऱ्या घालू लागले. मग दारातून चपला काढून पायात सरकवल्या. "चल."

"कुठे?"

"तुझ्या बहिणीकडे. आणखी किती दिवस ती ते पान घेऊन बसणार?"

बसमध्ये जागा असूनही बाबा बसले नाहीत, ड्रायव्हरच्या मागचा दांडा धरून उभे राहिले. कुलूपदादानं वाटेत दोनदा फोन काढला, की ताईला कळवावं, आणि दोन्ही वेळा परत ठेवला.

ताईनं दार उघडलं. आत इस्त्रीच्या टेबलावर अर्धवट साडी. तिनं दोघांना बघितलं आणि दारातच म्हणाली, "या. तपासणीला आलात?"

"हो," बाबा म्हणाले. "आत येऊ का, की इथूनच शेरा देऊ?"

तिला हसू येऊ द्यायचं नव्हतं. ती वळून आत गेली आणि इस्त्री उगाचच जोरात फिरवू लागली. बाबा तिच्यासमोर उभे राहिले.

"ते मी बोललो. बाईंनी स्वतःच्या पदरचं काही लिहिलेलं नाही."

"मला माहीत आहे. एक एक शब्द तुमचा आहे. पंखासुद्धा." तिनं इस्त्री उभी केली. "बरं झालं, कळलं तरी. ते चोर आले नसते तर तुम्ही जन्मभर पंखा लावून पडला असता, आणि मी जन्मभर फ्रीज पुसत बसले असते."

कुलूपदादानं कान टवकारले. सल्लागाराचंच वाक्य, दुसऱ्या घरात.

"नसतीस बसलीस," बाबा म्हणाले. "मी सांगणार होतो."

"कधी?"

"जमेल तेव्हा. त्या खोलीत मी दुसरं काय करत होतो? तालीम करत होतो, पोरी. आधी सगळा राग ओतायचा, वेडंवाकडं बोलायचं. मग बाई विचारायच्या, हे तिला सांगायचं तर कसं सांगाल? पुढच्या भेटीला थोडं नीट बोलायचो. त्याच्या पुढच्या भेटीला आणखी थोडं. 'तू आलीस की मला तुझी आई नसल्याचं जास्त कळतं', इथपर्यंत आलो होतो. हे ऐकवायचं होतं तुला. तुझ्या हातात पडलं ते पहिल्या दिवसाचं. कच्चं."

ताईची मान खाली गेली. ती साडीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "पण कच्चंसुद्धा खरंच होतं ना, बाबा?"

"होतं."

"मग ते वाचल्यावर मी काय करू? वाचलं नाही असं कसं करू?"

बाबांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. टिपणं पुन्हा कुलपात घालता येत होती, वाचलेलं कुणाच्या डोळ्यांतून काढता येत नव्हतं. ताईनं चहा केला. तिघांनी तो उभ्याउभ्याच घेतला. निघताना तिनं बाबांना विचारलं, गोळ्या घेताय का, आणि विचारल्यावर स्वतःच ओठ चावला.

त्यानंतर ती येऊ लागली, पण आधी फोन करून. कपाटाला हात लावत नसे. खुर्चीच्या कडेवर बसायची, बाबा तिला "पाणी देऊ का" म्हणून विचारायचे, आणि दोघं पाहुण्यांसारखी एकमेकांशी गोड वागायची. कुलूपदादाला ते बघवत नसे. तो काहीतरी काम काढून बाहेर जायचा.

पुढे मॅडमनी केंद्रात येऊन गेलेल्या सगळ्या लोकांना पाठवायला एक पत्र तयार केलं. मसुदा बघायला त्याला बोलावलं. सुरुवातीलाच वाक्य होतं, 'या हल्ल्यानं आपलं केंद्र अधिक सुरक्षित केलं आहे.'

"मॅडम, हे वाक्य काढा."

"का? खरं नाही का ते?"

"हल्ल्यानं काही केलं नाही. हल्ल्यानं फोडलं. सुरक्षित तुम्ही-मी केलं, आणि ते आधीही करता आलं असतं. आग लागली म्हणून घर पक्कं होत नाही, मॅडम. गवंडी बांधतो तेव्हा होतं."

मॅडमचा चेहरा उतरला. 'आधीही' हा शब्द जिथे लागायचा तिथे लागला होता. त्याला तो मागे घ्यावासा वाटला, पण घेतला नाही. मसुदा स्वतःकडे ओढून त्या म्हणाल्या, "मग काय लिहू?"

हा विचार त्याच्या डोक्यात ताईच्या घरून निघाल्यापासून घोळत होता. पहिल्या दिवसाचं कच्चं बोलणं इतके महिने साठवून ठेवायची गरजच काय होती? तालीम झाली, की ती पुसून का टाकायची नाही? बाईंना पुढच्या भेटीपुरतं हवं असतं, तेवढंच ठेवावं. बाकीचं आपोआप पुसलं जावं, त्यालासुद्धा परत आणता येणार नाही असं. जे ठेवलंच नाही, ते जगातला कुठलाही चोर नेऊ शकत नाही. त्यानं मॅडमना हे सांगितलं. त्यांनी सल्लागाराला फोन लावला. सल्लागार म्हणाला, याला नवं यंत्र लागत नाही, त्यामुळे मला यात काही मिळणार नाही, पण पोरगा बरोबर बोलतोय.

पत्रात तसं लिहिलं गेलं. पहिलं वाक्य झालं, 'तुमचं बोलणं आम्ही सांभाळू शकलो नाही.' मॅडमनीच ते लिहिलं, आणि सही करताना पेन बराच वेळ हातात धरून बसल्या. माणसं एकदम परतली नाहीत. एखाददुसरं यायला लागलं. बाईंची टिपणं थोडी लांबली आणि ठरल्याप्रमाणे पुसलीही जाऊ लागली. आकडे चढायचे, उतरायचे, आणि आकडे उतरताना बघून बरं वाटण्याची कुलूपदादाची ही आयुष्यातली पहिलीच वेळ होती.

बाबा मात्र गेले नाहीत. "बघू," म्हणायचे. त्यानं नवी व्यवस्था एकदा समजावून सांगितली, दुसऱ्यांदा सांगायला लागला तेव्हा त्यांनी हात वर केला. "कळलं रे. भिंत चांगली आहे."

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघं जेवायच्या टेबलाशी बसले होते. बायको बाहेर गेली होती. बाबा चमचा कपात फिरवत म्हणाले, "तुझी आई ना, शेवटी शेवटी..." आणि थांबले. त्यांची नजर टेबलावर पालथ्या पडलेल्या त्याच्या फोनवर गेली होती. कुलूपदादा उठला, फोन आतल्या खोलीत ठेवून आला, दार ओढून घेतलं आणि परत समोर बसला.

बाबांनी कपातल्या चहाकडे पाहिलं. चमचा पुन्हा फिरायला लागला. रस्त्यावरून एक बस गेली, तिच्या आवाजावरून ते म्हणाले, "क्लच गेलाय हिचा."

"हं," तो म्हणाला.

आणखी काही विचारायचा मोह त्यानं आवरला. चेहरा शांत ठेवला, हात टेबलावर नीट ठेवले. टेबलाखाली त्याचा पाय मात्र सारखा हलत होता.